आडसाली अभ्यास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला लागवडीबद्दल प्रश्न विचारावा आणि तो अडावा, असं सहसा होत नाही. ऊस कधी लावायचा? जुलै-ऑगस्टात लावला तर आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावला तर पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर सुरू, आणि तोडणी झाल्यावर बुडख्यांना फुटवे येऊ दिले तर खोडवा. हळद कधी लावायची? अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून. ही उत्तरं बांधावरच्या शेतकऱ्यापासून एस.टी.च्या कंडक्टरपर्यंत कुणीही देतो, आणि सगळ्यांची उत्तरं जुळतात. पण त्याच माणसाला विचारा, "पोराचा एंट्रन्सचा अभ्यास कधी सुरू करायचा हो?" की तो एकदम गंभीर होतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "खरं सांगू का? आता उशीरच झालाय तुम्हाला."

पोरगं कितवीत आहे, हे तो विचारत नाही. त्याची गरजच नसते. पोरगं बारावीत असो, आठवीत असो, की पाळण्यात असो, उशीर हा झालेलाच असतो. ज्यांचा मुलगा मेडिकलला लागला ते म्हणतात, "आम्ही आठवीपासूनच मागं लागलो होतो." ज्यांचा लागला नाही ते म्हणतात, "आम्ही आठवीपासून मागं लागायला हवं होतं." दोन्ही पक्षांचं आठवीवर एकमत, म्हणून तिसरा शहाणा आपल्या पोराला सहावीतच नेऊन बसवतो. अशा रीतीने हा मुहूर्त दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकत आला आहे. तो कुठून निघाला आणि इथवर कसा पोचला, हे एकदा बघायला हवं.

मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली, आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली १८५९ साली. त्या परीक्षेत जेमतेम वीस-बावीस जण उत्तीर्ण झाले. त्यांत एक होते महादेव गोविंद रानडे आणि दुसरे रामकृष्ण गोपाळ भांडारकर. आता या मंडळींनी तयारी कधी सुरू केली असेल? परीक्षा पहिलीच. जुन्या प्रश्नपत्रिका नाहीत, अपेक्षित प्रश्नसंच नाहीत, गेल्या वर्षी पहिला आलेल्याचा हार घातलेला फोटो नाही. ज्या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी बसायचं, तेच तीन वर्षांपूर्वी अस्तित्वात नव्हतं. आठवीपासून तयारी करायची म्हटली तरी कशाची करणार? तरी ते पास झाले, १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधरही झाले. पुढे एक न्यायमूर्ती झाले, दुसरे जगन्मान्य संस्कृत पंडित. या दोघांच्या यशाचं श्रेय कुठल्याही क्लासला घेता आलेलं नाही, ही त्या क्षेत्रातली फार जुनी हळहळ असावी.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. कऱ्हाडजवळ टेंभू म्हणून गाव आहे. तिथे १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. घरची गरिबी अशी की शिक्षण एका गावी पुरं होणं शक्यच नव्हतं. कऱ्हाडला थोडं शिकले, मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, शिकायचं म्हणून रत्नागिरीला पायी गेले, तिथे जमेना म्हणून परतले, आणि शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून १८७५ साली मॅट्रिक झाले. म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. आज एकोणिसाव्या वर्षी मुलगा कॉलेजच्या दारातच असला तर पाहुणे हळूच विचारतात, "मधे काही गॅप पडली का?" आगरकरांची गॅप टेंभूपासून अकोल्यापर्यंत होती. पुढे डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट तर आपण सगळेच ऐकत आलो आहोत. अशा माणसाला तयारी कधी सुरू केलीत असं विचारलं असतं, तर त्याने बहुधा "सदरा वाळल्यावर" असं सांगितलं असतं.

याच आगरकरांनी टिळक, चिपळूणकर, नामजोशी या मंडळींबरोबर जे काम उभं केलं, त्यातून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि त्या सोसायटीने १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. टेंभूच्या पोराला कॉलेजसाठी गाव सोडावं लागलं. सोसायटी निघाल्यावर पस्तीस वर्षांनी का होईना, कॉलेज कृष्णाकाठी आलं. पण ते बघायला आगरकर नव्हते. ते १८९५ सालीच गेले.

दुसरी गोष्ट साताऱ्याची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. दाखल क्रमांक १९१४. ती शाळा म्हणजे आजचं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या मुलाच्या नावाने आज विद्यार्थ्यांचा दिवस आहे, त्याला त्या शाळेत इतरांपासून वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे, आणि शिपाई हजर नसला तर तहान लागली तरी पाणी मिळत नसे. 'तहान लागल्यावर विहीर खणू नये' ही म्हण मुलांना अभ्यासाला लवकर बसवण्यासाठी आपण नेहमी वापरतो. विहीर समोर असूनही पाणी मिळत नाही, अशा मुलाचा विचार म्हण करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

पुढे हे कुटुंब मुंबईला गेलं. परळच्या चाळीत एकच खोली. त्या खोलीत चूल, जातं, शेळी, माणसं आणि मॅट्रिकचा अभ्यास. चरित्रकार धनंजय कीर यांनी ती व्यवस्था वर्णन केली आहे: मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, दोन वाजता मुलाला उठवायचं आणि मग स्वतः अंग टाकायचं. कारण दोघांनी एका वेळी आडवं व्हायला जागा नव्हती. मुलगा रॉकेलच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचायचा. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. टक्केवारी काढू नका. आजच्या हिशेबाने या गुणांवर चांगलं कॉलेज राहू द्या, वडिलांशी नीट बोलणंसुद्धा मिळत नाही. पण तेव्हा या यशाबद्दल जाहीर सत्कार झाला, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. त्या भेटीचं काय झालं, ते १९५६ साली नागपूरला साऱ्या जगाने पाहिलं.

रामजी सुभेदारांनी मुलाची तयारी कधी सुरू केली, याचं उत्तर वर्षात देता येत नाही. घड्याळात देता येतं. दोन वाजता. आणि तोवर ते स्वतः जागे होते, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

तिसरे आमचे पाटील मास्तर. म्हणजे भाऊराव पाटील. कर्मवीर ते नंतर झाले. यांचं स्वतःचं शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेलं नाही. गणिताने वाट अडवली. आणि अशा माणसाने तरुणपणी साताऱ्यात काय करावं? शिकवण्या! आजच्या कोचिंगच्या जाहिरातीत शिकवणाऱ्याच्या नावापुढे इतक्या पदव्या असतात की नाव शोधावं लागतं. पाटील मास्तरांकडे एकही नव्हती, तरी पोरं शिकत होती. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आजही फीसाठी सोनं गहाण पडतं, नाही असं नाही. फरक एवढाच, की लक्ष्मीबाईंचं सोनं दुसऱ्यांच्या पोरांसाठी गेलं.

मॅट्रिकच्या दारापर्यंतही न पोचलेल्या या माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. प्रवेश परीक्षा न देता पदवी मिळवण्याचा याहून सरळ मार्ग माझ्या तरी ऐकण्यात नाही. फक्त त्याला चाळीस वर्षं लागतात.

चौथं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं. जन्म देवराष्ट्रे गावी, १९१३ साली. शाळा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात. १९३२ साली चळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि मॅट्रिक झाले ते १९३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. याला आजच्या भाषेत 'दोनदा ड्रॉप' म्हणतील. पुढे हे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि गरीब घरच्या मुलांना फीची सवलत, ती सुप्रसिद्ध ई.बी.सी., त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. बारा गावांच्या वेशी ओलांडून, तुरुंगाचं अन्न खाऊन जो मॅट्रिक होतो, त्याला फी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. गाव हललं नाही, जिल्हा हलला. १९४९ साली जुन्या साताऱ्यातले तालुके आणि विलीन झालेली संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. वाटणी झाली तरी दोन्ही भावांनी एक गोष्ट सामाईक ठेवली, ती म्हणजे पोरांना शिकवण्याची हौस. आणि मग या भागात कॉलेजांचं पीकच आलं. १९४७ साली साताऱ्यात रयतचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. त्याच वर्षी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, तेच पुढचं वालचंद. १९६० साली कऱ्हाडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आलं. १९६२ साली मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज झालं. ज्या पोरांच्या आज्यांनी डॉक्टर फक्त वॉनलेससाहेबांच्या मिशन इस्पितळात पाहिला होता, ती पोरं आता स्वतः डॉक्टर व्हायची भाषा करू लागली.

खरं म्हणजे दार जवळ आलं की माणसाने निवांत व्हावं. पण घडलं उलटं. दार लांब होतं तोवर जो चालत पोचेल तो आत जाई. दार गल्लीच्या तोंडाशी आलं तशी रांग लागली, आणि रांग लागली की आपण पहाटे उठून नंबर लावतो. इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकल-इंजिनिअरिंग ठरायचं तेव्हा खरा अभ्यास दिवाळीनंतर लागायचा. फराळाचा डबा संपणं आणि पुस्तक उघडणं या एकाच दिवशीच्या घटना असत. १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आली, १९७७ साली पहिली बारावी बाहेर पडली, आणि 'बारावीचं वर्ष' नावाचं एक सुतक घरोघर पाळलं जाऊ लागलं. अभ्यास दिवाळीवरून उडी मारून मे महिन्याच्या सुट्टीत आला. साताऱ्यात तर १९६१ सालीच देशातली पहिली सैनिक शाळा निघालेली. तिच्या सहावीच्या वर्गासाठी प्रवेश परीक्षा. त्यामुळे आमच्याकडे दहा वर्षांचं पोरगं 'एंट्रन्स' हा शब्द अचूक उच्चारतं, मग 'प्रवेश' लिहिताना चुकलं तरी चालतं.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा सांगलीचे. त्यांची शाळा लवकर सुटलेली. तुरुंग मात्र त्यांनी स्वतःच सोडला: १९४३ साली सांगलीच्या तुरुंगातून तटावरून उडी टाकून. असा माणूस दार बंद आहे म्हणून थांबेल कसा? त्यांनी दारं वाढवली. दारांबरोबर देणग्याही वाढल्या, आणि १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला, तो भाग निराळा. पण एक गंमत बघा. या दोन जिल्ह्यांतल्या पोरांसाठी सगळ्यांत जास्त दारं ज्या दोघांनी उघडली, ते कर्मवीर आणि दादा. दोघांपैकी एकानेही कॉलेजची प्रवेश परीक्षा दिलेली नव्हती.

मग आल्या सीईटी, जेईई आणि नीट. नीटची तर कथाच और. २०१३ साली झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली, २०१६ साली पुन्हा आली. २०२४ साली तिच्या निकालात आधी सदुसष्ट जण देशात पहिले आले, आणि फेरनिकाल लागेपर्यंत सतरा उरले. आठवीपासून बसलेल्या मुलाने आठ तास अभ्यास करायचा, आणि परीक्षा होणार की नाही, झाली तर धरणार की नाही, हे दिल्लीत ठरायचं. पण पालक डगमगत नाहीत. नियम बदलला की ते एकच उपाय करतात: आणखी एक वर्ष अलीकडून सुरुवात. सहावीपासून 'फाउंडेशन' असतं. घराचा पाया एवढा खोल घेतला तर विहीर होते, हे सांगायची सोय नाही.

या हिशेबाने पुढचा मुक्काम गर्भसंस्कार. तो प्रयोगही आपल्याकडे होऊन गेलेला आहे. प्रवेशाची सगळ्यांत लवकर तयारी अभिमन्यूने केली, आईच्या पोटात असताना. प्रवेश त्याला उत्तम मिळाला. पुढचं मात्र त्या कोर्सला नव्हतं.

आणि इथे विनोद थांबतो. २०२५ च्या जून महिन्यात सांगली जिल्ह्यातच एका मुलीचा घरातल्या मारहाणीत जीव गेला. कारण काय, तर सराव परीक्षेत गुण कमी पडले. सराव परीक्षा, खरी परीक्षासुद्धा नव्हे. ही बातमी वाचून पुष्कळ घरांत त्या दिवशी कुणी कुणाला गुण विचारले नसतील. दुसऱ्या दिवशी विचारले असतील. घाई ही एकट्या माणसाची नसते, ती गल्लीची असते. शेजारच्याने सुरुवात केली म्हणून आपण करतो, आणि आपण केली म्हणून पलीकडचा. मुलाला काय हवं आहे, हे या साखळीत कुठेच येत नाही.

तेव्हा आता मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन टाकू. ते आपल्या बांधावरच आहे. सीईटीला अकरावीचा भाग साधारण वीस टक्के आणि बारावीचा ऐंशी टक्के धरतात. नीट आणि जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. म्हणजे ज्याला नीट-जेईई द्यायची, त्याची आडसाली लागण: अकरावीच्या जूनला. ज्याला सीईटीपुरतं बघायचं, त्याने अकरावीची दिवाळी झाली की पूर्वहंगामी घ्यावी. ज्याला उशिराच जाग आली, त्याने बारावीच्या सुरुवातीला सुरू लागण करावी. तीही येते, उतारा थोडा कमी पडेल इतकंच. आणि ज्याचं पहिल्या फेरीत हुकलं, त्याचा खोडवा. खोडव्याला आपल्याकडे कुणी हसत नाही. बेणं तेच, खर्च कमी, आणि नीट राखला तर लागणीच्या तोडीस तोड उतरतो. ज्याला कॉलेजात 'रिपीटर' म्हणून खाली मान घालावी लागते, त्याने शेतात येऊन उभं राहावं. उमेद येते.

आणि सहावीची लागण? तशी जात कुठल्या ऊस संशोधन केंद्राने काढलेली नाही. तुरा आलेला ऊस गरजेपेक्षा जास्त दिवस उभा ठेवला की बिघडतो. लांबून रान फार देखणं दिसतं, पांढरे तुरे वाऱ्यावर डोलतात, रस्त्याने जाणारा गाडी थांबवून फोटो काढतो. पण शेतकरी कपाळाला हात लावतो. आतून ऊस पोकळ पडत चाललेला असतो, वजन घटतं, साखर उतरते. सहाव्या वर्षी अवयवांची इंग्रजी नावं घडाघडा म्हणणारं पोरगं बघितलं की पाहुणे टाळ्या वाजवतात. तो तुरा असतो.

केंद्र सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं आहे की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनी घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं. म्हणजे सरकारचं आणि उसाचं, दोघांचं एकदा तरी जमलं. दहावीपर्यंत पोराने गणित न घाबरता करावं, हाताला लागेल ते पुस्तक वाचावं, कृष्णेत पोहावं, आणि आंब्याच्या दिवसांत आंबे खावेत. याला रानाची मशागत म्हणतात. मशागतीत काही उगवलेलं दिसत नाही म्हणून ती वाया गेली, असं अडाणी शेतकरीसुद्धा म्हणत नाही.

राहिलं बापाचं काम. ऊस रात्रीतून दहा वेळा उठून पाहिला तरी त्याचं एक पेर वाढत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पाण्याची पाळी रात्री दोनची आली, तर तेव्हा उठून दारं मोडायला जावं लागतं, आणि तिथे ज्याचं रान त्यालाच जावं लागतं. फी भरून दुसऱ्याला पाठवता येत नाही.